एका पट्टीचं काम

होड्यांच्या बुडाला लावतात ते डांबर, थोडं रॉकेल, केरसुणीतला एक हीर आणि सासूबाईंची लोणच्याची बसकी बरणी, एवढ्या भांडवलावर मी मालवणच्या बाजारपेठेत बरीच वर्षं एक धंदा केला. त्या धंद्याला नाव नव्हतं. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय गो, दुकानात बसान दिवसभर तू करतंस तरी काय?" मी सांगायची, "रेघा काढते." त्यांना वाटायचं, मी टोलवते आहे. पण मी खरोखरच रेघा काढत होते, आणि त्या रेघांमधून वीज जायची.

दुकान आमच्या ह्यांचं, रेडिओ दुरुस्तीचं. मी मूळची इथलीच, पण वाढले गिरगावात. वडिलांचा तिथे ब्लॉक बनवायचा छोटा कारखाना होता. वर्तमानपत्रात किंवा लग्नपत्रिकेवर चित्र छापायचं तर तेव्हा ते आधी धातूच्या पत्र्यावर उठवावं लागे. हे काम हत्याराने होत नसे, आम्लाने होई. चित्राचा जो भाग ठेवायचा त्याला लेप द्यायचा, बाकीचा धातू आम्ल खाऊन टाकतं. वडिलांना मुलगा नव्हता आणि मला स्वस्थ बसवत नसे, म्हणून शाळेतून आले की मी लेप द्यायला बसायची. ब्लॉक नेहमी उलटा करायचा, तेव्हा कुठे कागदावर चित्र सुलटं उमटतं. हाताला ते उलट्याचं वळण इतकं लागलं होतं की लग्नात उखाणा घेताना तरी सरळ घे, असं आईने बजावलं होतं.

लग्न होऊन मालवणला आले तेव्हा वाटलं, संपली आपली कारागिरी, आता खोबऱ्याचं वाटप वाटायचं आणि मासे धुवायचे. ते केलंच. पण साठ सालानंतर ट्रान्झिस्टर आले आणि माझं नशीब फिरलं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुन्या रेडिओचं पोट उघडलं तर आत तारांचा नुसता गुंता असायचा. नव्या ट्रान्झिस्टरच्या पोटात तारा नव्हत्याच. एक तपकिरी पट्टी असायची, तिच्या एका अंगाला तांब्याच्या बारीक वाटा चिकटलेल्या, आणि दुसऱ्या अंगाला सगळं सामान बसवलेलं. सामानाचे पाय पट्टीतल्या भोकांतून पलीकडे काढायचे आणि तांब्याला कथलाचा डाग द्यायचा. त्या तांब्याच्या वाटा म्हणजेच तारा. कारखान्यात अशा पट्ट्या हजारांनी निघतात. पण एखाद्या हौशी माणसाने घरी स्वतःचं एखादं यंत्र जुळवायला घेतलं, तर त्याला पट्टी लागते एक. आणि एक पट्टी कोण करून देणार? ह्यांनी एकदा मुंबईला चौकशी केली, तर कारखानदार म्हणाला, शंभर घ्या, नाहीतर चालू लागा.

हे तसेच परत आले आणि त्या पट्टीच्या वाटांचा नकाशा माझ्यापुढे टाकून कपाळाला हात लावून बसले. मी नकाशा बघितला आणि म्हटलं, "अहो, हा तर ब्लॉक आहे." हे माझ्याकडे बघतच राहिले. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण बायको काय येते ते त्यांना त्या दिवशी कळलं.

तांबं चिकटवलेल्या तपकिरी पत्र्याचे तुकडे मुंबईच्या भंगारात मिळायचे. ओळखीचा एक खलाशी ते आगबोटीने घेऊन यायचा. तांबं आधी राखेने घासून लख्ख करायचं. डांबर रॉकेलात पातळ करायचं, हिराला टोक काढायचं आणि ज्या वाटा ठेवायच्या तेवढ्या डांबराने आखायच्या. डांबर सुकलं की तुकडा लोणच्याच्या बरणीत, लालसर आम्लाच्या पाण्यात बुडवून उन्हात ठेवायचा आणि मधूनमधून बरणी हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळून जातं, डांबराखालचं राहतं. मग रॉकेलच्या बोळ्याने डांबर पुसायचं, की खालून तांबूस वाटा चमकत वर येतात. ते बघताना मला दर वेळी आनंद व्हायचा. शेजारच्या सोनाराकडून बारीक भोकं पाडून घेतली की झाली पट्टी. खर्च फारसा नाही, फक्त त्या पाण्याचा पिवळा डाग कशानेच जात नाही. माझ्या एकाही लुगड्याचा पदर धड राहिला नाही. सासूबाईंनी बरणीवर पाणी सोडलं, पण मला सोडलं नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "सून माझी शिकलेली आसा, पन लोणच्याची बरणी बुडयल्यान."

आमच्या किनाऱ्यावर हौशी माणसांना तोटा नव्हता. आरोंद्याचे एक मास्तर होते. खाडीचा बांध फुटला की त्यांच्या शेतात खारं पाणी शिरायचं, म्हणून पाणी तारांना लागताच घंटा वाजेल असं यंत्र त्यांना हवं होतं. पट्टी करून दिली. आठवड्याने मास्तर परत आले. "वहिनी, पट्टी फारच इमानी निघाली हो. वारा खाडीकडून आला तरी बोंब मारते." खाऱ्या हवेनेच तारांवर ओल धरत होती. शेवटी तारांवर पालथ्या करवंट्या बांधल्या तेव्हा ती गप्प झाली. पुढे एका उधाणाला मात्र खरी वाजली, माणसं धावली आणि बांध बुजला. मास्तरांनी एवढे नारळ पाठवले की आम्ही वाडीभर वाटले. फोंडाघाटच्या एका व्यापाऱ्याने गोदामाच्या दाराला चोरघंटा लावून घेतली. पहिला चोर सापडला तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, गुळाच्या ढेपेसकट. ते गिऱ्हाईक पुन्हा आमच्याकडे फिरकलं नाही.

या कामाचं एक दुःख होतं, तेही सांगते. ते दिसत नाही. सोनाराने केलेली पाटली बाई मिरवते. माझ्या रेघा डबीत गेल्या, डबीवर झाकण बसलं, संपलं. आज तसली एकही पट्टी माझ्याजवळ नाही, आणि त्याची हळहळ वाटते. पण एका पट्टीबद्दल नाही वाटत. ती तात्यांची.

तात्या म्हणजे मालवाहू जहाजावरचे वायरलेसवाले. उमेदीचा सगळा काळ कानाला यंत्र लावून टिकटिक ऐकण्यात आणि ती अक्षरांत उतरवून घेण्यात गेला. वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून, घरी यायचे आणि बायकोला ओळख पटते न पटते तोच परत जायचे. निवृत्त होऊन कायमचे खाडीकाठच्या घरी आले, तोवर त्यांच्या बायकोचे, आमच्या काकींचे, कान जवळजवळ गेले होते.

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला थोडे दिवस उरले होते तेव्हा ते दुकानात आले. पतंगाच्या पातळ कागदावर स्वतः काढलेला नकाशा त्यांनी ह्यांच्यापुढे ठेवला.

"एकच पट्टी व्हयी माका. काडेपेटीएवडी. हिच्या गळ्यात घालूची आसा."

ऐकू येण्याचं यंत्र होतं ते. हे म्हणाले, "तात्यानू, मुंबैत तयार मिळता मा?"

"बाहेरदेशचा मिळता. माझ्या पेन्शनीत बसणारा न्हय. तरी तिका दाखवूक नेलंय मुंबैक. दवाखान्याच्या पायरेर बसली आणि म्हणता कशी, माका काय झालला नाय, तुमीच हळू बोलतास." तात्या हसले. मग म्हणाले, "हयच्या डॉक्टरांनी कान बगले. अजून वायच आयकाक येता म्हणाले, पन ताय जातला. म्हणान घाई."

मी मुंबईकडची शहाणी. विचारलं, "तात्या, जोरात बोललं तर ऐकू येतं ना काकींना?"

"येता गो बाये. पेज झाली, गाय सुटली, ह्या आरडान सांगूक येता. पन सगळी गजाल आरडान सांगूची असता काय? आमच्या वाडीत घराक घर लागान. मी आरडलंय तर हिच्या आदी शेजारी ओ देतत."

मग त्यांनी आवाज खाली घेतला आणि सांगितलं.

त्यांना एक मुलगा होता, सदू. तात्या दूर कुठल्या समुद्रात असताना तो तापाने गेला. घरच्यांनी मुंबईच्या कचेरीला तार केली, कचेरीने जहाजाला वायरलेस केला. आणि जहाजावर येणारा प्रत्येक निरोप उतरवून घेणारा माणूस एकच होता.

"पयला माझाच नाव इला. मी लिवलंय. मागसून एकेक अक्षर येत गेला, तसा लिवत गेलंय. माका वाटला, आयकताना माझी चूक झाली. म्हणान सांगलंय, परत धाडा. त्यांनी परत धाडल्यानी. मी परत लिवलंय. मगे पोचला म्हणान कळयलंय आणि कागद स्वतः नेवन कप्तानाक दिलंय."

आमचे हे डाग द्यायचा कैया शेगडीत ठेवून बसले होते. तो तापून लाल झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"घराक इलंय तेव्हा हिणा इचारल्यान, तुमका कोणी सांगल्यान? मी म्हटलंय, कप्तानान. खांद्यार हात ठेवन सांगल्यान. ही म्हणाली, बरा झाला, कोणतरी बाजूक होता. तेवड्यार गप झाली. मगे माका पुढचा बोलाक झाला नाय. आता घरात बसान तीच टिकटिक कानात येता. कोणाक तरी सांगूक व्हया. आणि तिका सोडून मी सांगू कोणाक?"

मी नकाशा उचलला आणि मागे निघून गेले. डोळे पुसल्याशिवाय डांबराला हात लावायचा नसतो, रेघ फुटते.

घरात पत्र्याचा एकच तुकडा शिल्लक होता. आगबोटी बंद झाल्या की नवा माल पावसाळा संपल्यावर, आणि तोवर काकींचे कान थांबतील याची खात्री डॉक्टरांनाही नव्हती. एवढं बारीक काम मी कधी केलं नव्हतं. हिराचं टोक पुन्हा पुन्हा तासलं. श्वास धरून एक रेघ काढायची, मग श्वास सोडायचा. बरणी उन्हात ठेवली आणि शेजारी पाट घेऊन बसले, सूर्याबरोबर बरणी सरकवत. पट्टी निघाली ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी. एकही वाट तुटलेली नाही, एकही दुसरीला चिकटलेली नाही. मी ती वाडीतल्या बायकांनासुद्धा दाखवली. त्या म्हणाल्या, "रांगोळी बरी जमली."

बाजाराच्या दिवशी सकाळी तात्या काकींना घेऊन आले. काकी ठेंगण्या, गोऱ्या, आबोलीचा वळेसर माळलेल्या. स्टुलावर बसून त्या दुकानातल्या उघड्या रेडिओंकडे बघत होत्या. ह्यांनी सामानातला पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे तीन पायांचा तो दाणा, घेतला, त्याचे पाय भोकांत घालायला गेले आणि थांबले. फिरवून बघितला. नकाशा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

पट्टी उलटी झाली होती. आरशात दिसावी तशी.

कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. नकाशा नेहमी सामानाच्या बाजूने काढलेला असतो, आणि तांबं पलीकडच्या बाजूला. म्हणून रेघा काढताना नकाशा उलटा करून घ्यावा लागतो. तात्यांना हे माहीत होतं. बाईला त्रास नको म्हणून त्यांनी पतंगाचा कागद उलटा धरून नकाशा आधीच फिरवून काढला होता. आणि मी ब्लॉकवाल्याची मुलगी, मला उलटं कर म्हणून सांगावं लागत नाही. मी तो पुन्हा उलटा केला. त्यांनी माझे कष्ट वाचवले, मी त्यांचे, आणि एकमेकांना विचारलं कोणीच नाही.

"तात्या, शेवटचा तुकडा होता," एवढंच मला म्हणता आलं, आणि मला रडू कोसळलं. हे खाली मान घालून उभे. काकींना काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यांना दिसत होते फक्त आमचे चेहरे. त्यांनी घाबरून मोठ्याने विचारलं, "काय झाला गे? कोण गेला?"

तात्यांनी त्यांना हाताने 'कोणी नाही' असं सांगितलं. पट्टी उचलून दाराशी उजेडात नेली. या बाजूने बघितली, त्या बाजूने बघितली. मग पाठमोरेच हसायला लागले.

"बाये, गप ऱ्हव. जहाज बुडाक नाय अजून. सामान ह्या बाजूक बसवूचा होता, तां तांब्याच्याच बाजूक बसवूया. मगे सगळा सुलटा येता."

आणि खरंच येत होतं. उलटी शिवलेली पिशवी आतलं अंग बाहेर काढलं की सुलटी होते, तितकं साधं. फक्त सामान तांब्याच्याच अंगाला बसवायचं तर प्रत्येक पाय नको त्या वाटेला टेकण्याची भीती. मग तात्यांनी एकेका पायाला पातळ रबरी नळीचे बारीक तुकडे चढवले, मी चिमट्याने धरलं आणि ह्यांनी डाग दिले. तिघांची डोकी एकमेकांवर आपटत होती. काकी स्टुलावरून वाकून बघत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "भाजून घेशात हां!" दुपार होत आली तेव्हा पट्टी, माइक आणि बॅटरी असं सगळं तपकिरीच्या डबीत मावलं. दिसायला ओबडधोबड झालं. झाकण दाबून बसवावं लागलं.

तात्यांनी डबी गोफाला बांधून काकींच्या गळ्यात घातली, कानात ऐकायची गोळी बसवली आणि खटका दाबला.

काकी दचकल्या. इकडेतिकडे बघायला लागल्या. "ह्या काय किणकिणता?" त्यांनी हात वर केला आणि तसाच धरला. मग हळूच मनगट हलवलं. "गो बाय माझे! माझीच काकणां!" त्या काकणं हलवत राहिल्या, आणि इतक्या लहान मुलीसारख्या हसल्या की माझ्या डोळ्यांतलं पाणी पुन्हा सुरू झालं. मग मला म्हणाल्या, "गो, तू बोल मगे कायतरी." माझ्या तोंडून दुसरं काय निघणार? सवयीने ओरडूनच विचारलं, "काकी, चहा ठेवू?" त्यांनी कानावर हात ठेवला. "ठेव. पन आरडा नको गो."

त्या डबीने काकींना जेमतेम दोन वर्षं साथ दिली. पुढे कान पुरतेच गेले, मग कुठल्याच यंत्राचा उपयोग नव्हता. हे पुढचं. त्या दिवशी डबी चालत होती.

तात्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं. आम्ही दोघं चहाचं निमित्त करून मागच्या स्वयंपाकघरात गेलो. मध्ये नुसतं गोणपाटाचं पडदावजा फडकं होतं. तात्या बोलायला लागले ते इतक्या हलक्या आवाजात की आम्हाला एक अक्षर कळलं नाही. पण बरीच वर्षं कमी ऐकणारं माणूस स्वतः मोठ्यानेच बोलतं. त्यामुळे आम्हाला ऐकू आल्या त्या फक्त काकी.

"हां, आयकाक येता. बोला."

मग बराच वेळ तात्यांची नुसती कुजबुज.

"सदूचा?"

मी आधण ठेवलेलं भांडं उतरवून ठेवलं, त्याचा आवाज नको म्हणून.

"कप्तानान सांगल्यान म्हणालास ना माका?"

तात्या पुन्हा काहीतरी कुजबुजले.

"तुमीच? कोणच नव्हता बाजूक?" आणि थोड्या वेळाने, "दोनदा लिवलास?"

मग काकींनी विचारलं, "खंयच्या हातान?"

फडक्याच्या फटीतून मला दिसलं. तात्यांनी उजवा हात पुढे केला. काकींनी तो ओढून आपल्या मांडीवर घेतला, मिटलेली बोटं एकेक करून सरळ केली, आणि त्यांवरून आपला तळवा फिरवायला लागल्या. तात्यांचे खांदे हलत होते.

ह्यांनी माझा दंड धरून मला मागच्या दाराने बाहेर काढलं. वळसा घालून आम्ही रस्त्यावर आलो. बाजाराचा दिवस, ऐन गिऱ्हाइकाची वेळ. लग्नापासून मी ह्यांना त्या वेळी दुकान बंद करताना पाहिलं नव्हतं. ह्यांनी बाहेरून दुकानाच्या दाराची एकेक फळी उचलली, आवाज न करता खाचेत बसवली आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. एवढ्यात डोक्यावर रेडिओ घेऊन एक जण घामाघूम होऊन आला. फळ्या बघून वैतागला.

"काय रे, आज बाजार आणि दुकान बंद?"

"बंद नाय," हे म्हणाले. "आत काम चालू आसा."